मागची तारीख

दाताचा दवाखाना तपासायला गेले की मी आधी साधने धुण्याचे बेसिन कुठे आहे ते विचारते. बाहेरच्या खोलीतले मासे, भिंतीवरच्या पदव्या, नवी कोरी खुर्ची आणि तिच्यावरचा सावली न पाडणारा दिवा या गोष्टी डॉक्टर आपण होऊन दाखवतात. बेसिन मात्र बहुधा मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीच्या आडोशाला, चहाच्या शेगडीशेजारी असते आणि तिकडे जाताना डॉक्टर "जरा पसारा आहे हं," असे आधीच सांगून टाकतात. रुग्णाला जो दवाखाना दिसतो तो मी पाच मिनिटांत पाहते आणि उरलेला दिवस त्या पसाऱ्यात काढते.

माझ्याकडे तपासणीचा कोणताही सरकारी अधिकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही सहा-सात दंतवैद्य, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, गेली काही वर्षे एकमेकांचे आणि कोणी बोलावले तर इतरांचेही दवाखाने पाहून येतो. ज्याला एनएबीएच या, रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनासाठी अर्ज करायचा असतो, तो परक्याने चुका काढण्याआधी घरच्या माणसाने काढाव्यात म्हणून आम्हाला बोलावतो. काही जणांना मानांकन नको असते, पण एकदा येऊन बघून जा, असे ते म्हणतात. मानधन नसते, जेवण हमखास असते, आणि सोलापूरकडचा दवाखाना असेल तर निघताना शेंगांची चटणीही बांधून मिळते.

आपल्याकडे दाताच्या छोट्या दवाखान्यावर कोणाची नजर असते, हा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाहीत, आणि कोणी विचारलाच तर उत्तर तुकड्यातुकड्यांनी द्यावे लागते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने आमची, म्हणजे माणसांची, नोंदणी सुरू झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे परवानगीपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्राचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे, आणि आमच्याकडे खुर्ची असते, खाट नसते. म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या किरणांबद्दल आणि दाराबाहेर जाणाऱ्या पिशवीबद्दल विचारणारे कोणीतरी आहे. पण रुग्णाच्या तोंडात जाणारा आरसा कसा धुतला आणि किती अंशांवर किती वेळ ठेवला, हे विचारायला कोणी अधिकारी दारात आल्याचे माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात मला आठवत नाही. इंग्लंडमध्ये २०११ पासून दाताच्या प्रत्येक दवाखान्याला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, आयोगाचे निरीक्षक दर वर्षी साधारण दहातला एक दवाखाना पाहतात आणि त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो. माझी भाची तिकडे अशाच एका दवाखान्यात काम करते. ती म्हणते, "आत्या, ते येणार असं कळलं की आमच्याकडे आठ दिवस दिवाळीची साफसफाई चालते." तेव्हा सक्तीच्या तपासणीनेही सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही.

ज्या दवाखान्याबद्दल मला लिहायचे आहे तो सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. डॉक्टर पती-पत्नी दोघेही पस्तिशीतले, दोन खुर्च्या, नाव लिहून घेणारी एक मुलगी आणि अकरा वर्षे तिथे काम करणाऱ्या एक मावशी. मावशींचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि सहायकाचे जे काही काम त्यांना येत होते ते त्या खुर्चीशेजारी उभ्या राहून शिकलेल्या होत्या. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि मी ती दोष म्हणून सांगत नाही.

माझी पद्धत अशी, की नुकताच वापरून झालेला एखादा चिमटा निवडायचा आणि तो परत कपाटात जाईपर्यंत त्याच्या मागोमाग हिंडायचे. त्या दिवशी डॉक्टरांनी एका आजोबांची खालची दाढ काढली होती. चिमट्याच्या चोचीच्या आतल्या खाचांत रक्त होते, आणि ट्रे पुढची पंचवीस मिनिटे तसाच पडून राहिला, कारण मावशी दुसऱ्या खुर्चीवर तोंडातले पाणी ओढणारी सक्शनची नळी धरून उभ्या होत्या. रक्त वाळले की ते खाचांत घट्ट बसते, आणि जे धुऊन निघाले नाही ते वाफेनेही नीट निर्जंतुक होत नाही, कारण वाळलेल्या थराखाली वाफ पोचतच नाही. बेसिनशी मावशींनी पातळ हातमोज्यांनी, नळाच्या धारेखाली, भांडी घासायच्या ब्रशने चिमटा घासला. पाण्याचे शिंतोडे त्यांच्या ओढणीवर आणि शेजारच्या चहाच्या गाळणीवर उडाले. घासणे पाण्याच्या आत धरून करावे, जाड रबरी मोजे घालावेत, चष्मा लावावा, ही सगळी माहिती भिंतीवर चिकटवलेल्या छापील तक्त्यात होती. तक्ता इंग्रजीत होता.

यानंतरचा टप्पा मात्र मला आवडला. मावशींनी चिमटा उजेडात धरला, त्याचे सांधे उघडून पाहिले, एका खाचेत काही दिसले म्हणून तो परत घासला, मग कोरड्या पंचाने टिपून कागद आणि प्लास्टिकच्या पाकिटात, ज्याला सगळे पाउच म्हणतात, चोच कागदाच्या बाजूला न टोचेल अशी ठेवून बंद केला. कोणी सांगितले नसताना दुसऱ्यांदा घासणारा माणूस दवाखान्यात असणे ही मोठी मिळकत आहे, आणि ते मी नंतर अहवालात लिहिलेसुद्धा.

दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्राशेजारी वही टांगलेली होती. तारीख, तापमान, दाब, वेळ, सही असे रकाने, आणि प्रत्येक ओळीत १२१ अंश, १५ पौंड, ३० मिनिटे. मी वही उलटी चाळते. ही सवय मला एका जुन्या हिशेबनिसाने लावली. सलग दीड महिना एकाच निळ्या पेनाची शाई, एकाच झुकावाचे अक्षर, आणि एकदाही २९ किंवा ३१ मिनिटे नाहीत. मागे जाता जाता दिवाळीत पोचले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दोन वेळा आणि पाडव्याला एकदा ऑटोक्लेव्ह लावल्याची नोंद होती.

"पाडव्याला दवाखाना उघडा होता?"

डॉक्टर बायकोकडे पाहू लागले, बायको वहीकडे. मग ते सरळ म्हणाले, "मॅडम, तुम्ही येणार म्हणून मीच भरून काढली मागची."

मला राग आला नाही, कारण हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की मागची तारीख टाकणे हा आता आमच्या व्यवसायाचा एक जोडधंदाच वाटतो. वही ही तपासणीसाला दाखवायची वस्तू आहे असे एकदा मनात बसले की ती तपासणीसासाठीच भरली जाते. मी वही मिटली आणि मावशींना विचारले, की गर्दीच्या दिवशी काय करता. त्यांनी डॉक्टरांकडे न बघता सांगितले, "मंगळवारी बाजार असतो. त्या दिवशी दाढा काढायलाच लोक येतात. मग काटा वर गेला की पंधरा-वीस मिनिटांत बंद करते, वाफ सोडते. पाकिटं ओली निघतात, ती पंख्याखाली वाळवते." डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. ओल्या पाउचच्या कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात, म्हणजे पाकीट असून नसल्यासारखे. पण मावशींना दोष द्यायचा तर आधी हे विचारायला हवे, की बाजाराच्या दिवशी तीस दाढा काढणाऱ्या दवाखान्यात चिमटे आठच का आहेत. निर्जंतुकीकरणाच्या पुष्कळशा चुका आळसातून होत नाहीत, साधनांच्या संख्येतून होतात. पाउचवरच्या, उष्णतेने काळ्या पडणाऱ्या खुणेवर मावशींचा पूर्ण विश्वास होता, आणि ती खूण त्या ओल्या पाकिटांवरही काळी पडलेली होती.

त्या काळ्या खुणेशी माझी जुनी ओळख आहे, आणि तिच्याबद्दल लिहायचे तर माझ्याच दवाखान्यात जावे लागेल.

मी १९९३ मध्ये साताऱ्यात दवाखाना टाकला तेव्हा माझ्याकडे विजेवर पाणी उकळणारा स्टीलचा डबा होता. त्याला आम्ही स्टरलायझर म्हणत असू, आणि उकळत्या पाण्यात काही जंतूंची बीजे खुशाल जिवंत राहतात हे परीक्षेत लिहून आलेली मी तो डबा निर्धास्तपणे वापरत होते. दात कोरणारा एअरोटर तर उकळताही येत नव्हता. तो दोन रुग्णांच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, अशी रीत होती. एअरोटर थांबतो त्या क्षणी तोंडातले पाणी आणि रक्त थोडेसे आत ओढून घेतो, आणि बाहेरून पुसल्याने आतले काही जात नाही. फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याकडून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाल्याची बातमी १९९० मध्ये आली होती. ती लागण नेमकी कोणत्या मार्गाने झाली हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, पण आमच्या पिढीच्या पोटात गोळा आला तो तेव्हा. मी १९९८ मध्ये कर्ज काढून ऑटोक्लेव्ह घेतला, त्याला हळदकुंकू लावले, पेढे वाटले, आणि पुढची बारा वर्षे चिकटपट्टीवरच्या काळ्या रेघा पाहून समाधानी राहिले.

या रेघा रसायनाच्या असतात. पाकीट उष्णतेतून जाऊन आले एवढेच त्या सांगतात. पुरेशा उष्णतेत पुरेसा वेळ राहिले की नाही ते सांगणे त्यांचे काम नाही. ते काम जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या अतिचिवट जंतूच्या बीजांचे असते. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत बीजे आणि जांभळा रस. ती कुपी साधनांसोबत ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची, मग उबवणीच्या लहान यंत्रात एक-दोन दिवस ठेवायची. बीजे मेली असतील तर रस जांभळा राहतो, जगली असतील तर पिवळा होतो. तुलनेसाठी एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता उबवायची, ती पिवळी व्हायलाच हवी. २०१० मध्ये एका परिषदेत नमुन्याच्या दोन कुपी मिळाल्या म्हणून, केवळ फुकट मिळाल्या म्हणून, मी ती चाचणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर दोन पिवळ्या कुपी होत्या.

झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते आणि दाबाचा काटा पंधरावर अडकलेला होता. मेकॅनिकने तासाभरात रबर आणि काटा बदलला. खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी आला. पुढची चाचणी जांभळी आली. पण रबर कधी चिरले? गेल्या आठवड्यात, की गेल्या वर्षी? आधीची एकही चाचणी नव्हती, म्हणजे ज्या दिवसापर्यंत सगळे ठीक होते अशी मागची तारीखच माझ्याकडे नव्हती. कोणत्या रुग्णाला कोणत्या पाकिटातली साधने वापरली याचीही नोंद नव्हती. मी दोन रात्री झोपले नाही, तिसऱ्या दिवशी कामाला लागले, आणि रुग्णांपैकी कोणालाही काही सांगितले नाही. कोणाला काही झाल्याचे माझ्या कानावर आले नाही, हे खरे. पण काविळीचे काही विषाणू दहा-दहा, वीस-वीस वर्षे गप्प बसतात आणि मग यकृतात उगवतात, तेव्हा दाताच्या डॉक्टरची आठवण कोणाला येणार?

तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातली बातमी वाचली. तिथल्या एका दंतशल्यचिकित्सकाच्या दवाखान्यात गंजलेली साधने आणि वर्षानुवर्षे न तपासलेला ऑटोक्लेव्ह सापडला, आणि आरोग्य खात्याने सुमारे सात हजार जुन्या रुग्णांना पत्रे पाठवून रक्त तपासून घ्या असे कळवले. हजारोंनी तपासणी करून घेतली. एका रुग्णाचा हिपॅटायटिस सी दुसऱ्या रुग्णाकडून त्याच दवाखान्यात आल्याचे जनुकीय चाचणीने सिद्ध झाले. सात हजारांत एक सिद्ध झाला, असे म्हणून कोणी हायसे वाटून घेईल. मी त्या पत्रांचा विचार करत राहिले. ती पत्रे कोणीतरी लिहिली होती, पाकिटांवर पत्ते घातले होते.

असो. त्या दिवशीच्या दवाखान्यात परत येते, कारण दुपारच्या जेवणानंतर मला सलाइनची बाटली दिसली.

अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत हाड कोरताना जखम सलाइनने धुवावी लागते. बाटली पाचशे मिलीची असते, एका रुग्णाला पन्नास मिली पुरतात. म्हणून बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवायची आणि लागेल तसे सिरिंजने ओढायचे, अशी सोय पुष्कळ ठिकाणी केलेली असते. इथेही तशीच होती. सुईच्या तोंडावर कापसाचा बोळा ठेवलेला. शेजारी भुलीच्या लिग्नोकेनची तीस मिलीची कुपी, तिच्यातही सुई तशीच उभी. आणि खालच्या कप्प्यात तशीच आणखी एक सलाइनची बाटली, जिच्यात रूट कॅनाल धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे थोडक्यात ब्लीच, भरून ठेवले होते. बाहेर लेबल सलाइनचेच. हे ब्लीच भुलीच्या किंवा सलाइनच्या जागी सिरिंजमध्ये येऊन हिरडीत टोचले गेल्याच्या घटना दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. अर्धा चेहरा काळानिळा होऊन सुजतो आणि आतले मांस सडते.

मी सलाइनची बाटली हातात घेऊन विचारले, ही कधी उघडली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी असेल. त्यांची पत्नी म्हणाली, नाही हो, त्या आधीच्या शनिवारी ती सरपंचांच्या आईची केस होती ना, तेव्हाची. मावशींनी बाटली उजेडात धरली, किती उरली आहे ते पाहिले आणि म्हणाल्या, "बारा दिवस झाले."

मग मी त्यांना वाणियंबाडीची गोष्ट सांगितली. तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातले हे गाव. २०२२-२३ मध्ये त्या भागात मेंदूच्या एका विचित्र संसर्गाचे रुग्ण येऊ लागले; कारण निघाले बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, एरवी माती आणि पाण्यात राहणारा जंतू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आणि त्यांच्या सोबतच्या तज्ज्ञांनी माग काढला, तेव्हा त्यांतल्या दहा जणांचा धागा एकाच दाताच्या दवाखान्यापर्यंत पोचला. दहातले आठ जण दगावले. जंतू सापडला तो वापरात असलेल्या सलाइनच्या बाटलीत. बाटलीचे झाकण हाडावरची त्वचा सोडवण्याच्या साधनाने उघडले जाई, मग तोंडाला कापूस लावून तीच बाटली पुढच्या रुग्णांना वापरली जाई. बाटलीत कोणाच्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. सलाइन पाण्यासारखे स्वच्छच दिसते.

खोलीत कोणी काही बोलले नाही. मावशी पुढे झाल्या, बाटलीतली सुई काढून सुईच्या पांढऱ्या डब्यात टाकली आणि बाटली बेसिनमध्ये उपडी केली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "शंभर मिलीच्या बाटल्या मागवतो." त्याने काम होते. बाटली एका रुग्णापुरती उघडायची आणि उरलेली टाकून द्यायची; भुलीच्या कुपीत प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज, आणि कुपीवर उघडल्याची तारीख, अठ्ठावीस दिवसांनंतर ती फेकायची. ब्लीचसाठी वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची बाटली. यांतल्या कशालाच मोठा खर्च नाही. वाफ न लागणाऱ्या निळ्या दिव्याच्या कपाटावर मात्र त्यांनी उगाच बरेच पैसे घातले होते, कारण विक्रेत्याने ते निर्जंतुक करते असे सांगितले होते. त्या कपाटात साधने फार तर ठेवता येतात.

बाकीचे थोडक्यात. एक्स-रेची नोंदणी होती, शिशाचे ॲप्रन होते, घडी घालून ठेवल्यामुळे त्याला चिरा पडत चालल्या होत्या. ते टांगून ठेवा म्हटले. खुर्चीच्या नळ्यांतून येणारे पाणी गच्चीवरच्या टाकीचे, आणि गावात पाणी दिवसाआड. अरुंद नळ्यांच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, इटलीत २०११ मध्ये एका ८२ वर्षांच्या बाईंचा लेजिओनेअर रोगाने, म्हणजे एका प्रकारच्या न्यूमोनियाने, झालेला मृत्यू दाताच्या खुर्चीच्या नळीपर्यंत पोचवता आला होता. तेव्हा सकाळी दोन मिनिटे आणि प्रत्येक रुग्णामागे अर्धा मिनिट पाणी वाहू द्यायचे, आणि स्वतंत्र बाटलीची जोडणी करून घ्यायची, असे ठरले. कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या, निळा खोका आणि सुयांचा पांढरा डबा जागच्या जागी होता. फक्त चांदी, म्हणजे पारा मिसळलेला धातू, भरलेले काढलेले दातही पिवळ्या पिशवीत जात होते. ती पिशवी भट्टीत जाते आणि दातातला पारा धुरातून बाहेर पडतो, म्हणून ते वेगळे ठेवायचे. लहान मुलांचे दुधाचे दात कोणत्या पिशवीत, असे मी विचारले तर मावशी हसल्या. ते आज्या मागून नेतात. कौलावर टाकायचे असतात, उंदराला सांगून. नियमांत या दातांसाठी रकाना नाही आणि मीही तो मागितला नाही.

चार वाजता मी एक खेळ करते. समजा, या खुर्चीवर भूल दिल्यावर रुग्णाचा श्वास अडकला, अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब घसरला. मला ॲड्रिनालिन आणि ऑक्सिजन द्या, असे म्हणून घड्याळ लावते. ॲड्रिनालिनची ॲम्प्युल वीस सेकंदांत हातात आली, मुदतीत होती, डॉक्टरांनी मात्राही बरोबर सांगितली. ऑक्सिजनचे सिलिंडर कोपऱ्यात चकचकीत उभे होते, पण ते उघडायची चावी सापडेना. ड्रॉवर झाले, औषधांचे कपाट झाले, डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरासारख्या त्या मागच्या खोलीत जाऊन डबे वाजवून आल्या. चावी सापडली ती स्वागतकक्षातल्या मुलीच्या टेबलात, रबरबँडने सिलिंडरवाल्याच्या बिलाला बांधलेली. चार मिनिटे आणि दहा सेकंद. डॉक्टरांनी स्वतःच ती सुतळीने सिलिंडरच्या मानेला बांधली, तीन गाठी मारून.

निघण्याआधी मी मावशींना, त्या एकट्या असताना, सुई कधी टोचली आहे का विचारले. "दोनदा. नाही, तीनदा." काय केलंत? "दाबून रक्त काढलं, डेटॉल लावलं." डॉक्टरांना सांगितलं? "गर्दी होती." डॉक्टर दोघांनीही कॉलेजात असतानाच हिपॅटायटिस बीची लस घेतलेली होती, बाहेरच्या मुलीलाही नोकरी लागताना दिली होती, मावशी जुन्या, म्हणून त्यांची राहून गेली होती. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, आणि या दवाखान्यातले सगळे वाळलेले रक्त अकरा वर्षे याच बाईंच्या हातांखालून गेले होते. तीन इंजेक्शने, आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक. अहवालात मी हे सगळ्यांत वर लिहिले, ऑटोक्लेव्हच्याही वर. डॉक्टरांनी ते वाचले तेव्हा त्यांची मान खाली गेली, आणि खालच्या दुकानातून पहिला डोस त्याच संध्याकाळी आला. मावशी म्हणाल्या, दंडात द्या, उजव्या नको, उद्या कामाला लागतो.

अहवाल चार पानांचा झाला, मराठीत लिहिला, कारण तो बेसिनवरही लावायचा होता. आठऐवजी वीस चिमटे. आठवड्याला एक जांभळी कुपी. आणि प्रत्येक पाउचवर तारीख आणि ऑटोक्लेव्हच्या फेरीचा क्रमांक, तोच क्रमांक रुग्णाच्या केसपेपरवर. या शेवटच्या मुद्द्याला डॉक्टरांनी खूप कुरकुर केली. एवढे कोण लिहीत बसणार, आणि त्याचा उपयोग तरी कधी होणार, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना साताऱ्याच्या पिवळ्या कुपींबद्दल काही सांगितले नाही.

चार महिन्यांनी रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज बसलेला होता. त्या आठवड्याची कुपी पिवळी झाली होती. त्यांनी ऑटोक्लेव्ह बंद केला, धुऊन, वेळ पाळून दुसरी कुपी लावली, तीही पिवळी. कपाटातली सगळी पाकिटे फोडून शेजारच्या गावच्या मित्राच्या यंत्रात नव्याने करून आणली होती, मेकॅनिक सकाळी येणार होता. इतके सगळे त्यांनी माझ्या आधीच बरोबर केले होते. "मॅडम, पण मधल्या दिवसांतल्या लोकांचं काय करू?"

मी विचारले, मागची जांभळी कुपी कधीची.

"आठ दिवसांपूर्वीची. मंगळवारची."

थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे असं कधी झालं होतं? तुम्ही काय केलं होतंत?" मी त्यांना २०१० ची गोष्ट सांगितली, रबर, अडकलेला काटा, दोन रात्री, आणि नंतर काही न केल्याचेही सांगितले. ते "हं" म्हणाले. मी म्हटले, माझ्याकडे तारीख नव्हती, तुमच्याकडे आहे. क्रमांकही आहेत ना केसपेपरवर? त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला असावा, कारण कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मावशींचा. त्या इतक्या रात्री थांबल्या होत्या. वहीतून त्या क्रमांक वाचू लागल्या, सावकाश, एकेक आकडा सुटा करून, आणि प्रत्येक क्रमांकानंतर केसपेपर चाळल्याचा आवाज येई आणि डॉक्टर एक नाव म्हणत.